एकशे आठ मीटरची आगगाडी

"मराठीच्या प्राध्यापिकेचे आगगाडीत काय काम?" हा प्रश्न गेल्या वर्षी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मला इतक्या जणांनी विचारला, की त्याचे उत्तर एकदा छापूनच टाकावे असे वाटू लागले. विचारणाऱ्यांत आमच्या स्टाफरूममधील मंडळी होती, भाजीवाली होती, आणि दर सोमवारी माझ्या नखांतले काळे तेल पाहून एकमेकींना खुणावणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुली तर होत्याच. खडूने हात पांढरे होण्याचा माझा धंदा. ते काळे कसे झाले, हे कुतूहल त्यांना वाटले तर त्यात नवल नाही.

आम्ही चिंचवडला राहतो. स्टेशन इतके जवळ, की लोणावळ्याच्या लोकलवर घरातले घड्याळ लावावे. आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळी जागा आहे. लांबी पन्नास मीटरच्या आत-बाहेर, रुंदी त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. तेथे बाग करावी, मंदिर करावे, की मोटारी उभ्या कराव्यात, याविषयी गेली नऊ वर्षे सभा भरत आहेत. चौथी कल्पना निघाली ती गेल्या गणपतीत. निवृत्त झालेल्या चार गृहस्थांनी ठरविले, की निर्णय होईपर्यंत या जागेत मुलांसाठी एक छोटी आगगाडी चालवायची. खेळण्यातली नव्हे, तर पाय दोन्ही बाजूंना सोडून मुलांना जिच्यावर बसता येईल अशी. सभेने परवानगी दिली ती होळीपर्यंत. मला वाटते, पुष्कळांना वाटले असावे की हे काही होणार नाही, म्हणून परवानगी द्यायला हरकत नाही.

या चौघांत एक बँकेतून निवृत्त झालेले, एक टपाल खात्यातले, एक ड्रॉइंग ऑफिसातले, आणि एक वीजमंडळातले. म्हणजे हिशेब, पत्रव्यवहार, नकाशा आणि वायरिंग यांची सोय झाली होती. लोखंड कापणारा माणूस मात्र नव्हता. तो माणूस आमच्या घरात होता, आणि तो गेले चार महिने खिडकीशी खुर्ची टाकून बसून होता.

माझे सासरे, ज्यांना सगळी इमारत अण्णा म्हणते, कऱ्हाडजवळच्या खेड्यातून १९६८ साली आयटीआय करून पिंपरीत आले. तेव्हा या भागात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा १९५४ सालचा कारखाना उभा होता, मोटारींचे आणि स्कूटरांचे कारखाने नुकते आकार घेत होते, आणि नगरपालिकासुद्धा अजून दोन वर्षे व्हायची होती. अण्णा एकोणचाळीस वर्षे लेथवर टर्नर होते. २००७ साली निवृत्त झाले तरी त्यांचे दिवस मोकळे गेले नाहीत. सासूबाईंची औषधे, त्यांचे डॉक्टर, त्यांना फिरायला नेणे हीच त्यांची पाळी झाली. गेल्या ज्येष्ठात सासूबाई गेल्या. त्यानंतर अण्णा बोलेनासे झाले. रडले नाहीत, चिडले नाहीत. नुसते कमी होत गेले. आधी पेपर बंद झाला, मग रोजची दाढी, मग दुपारचा चहा. डॉक्टरांनी सगळे तपासून आजार काही नाही असे सांगितले. उजवा हात मात्र थोडा कापायचा. तो हात ते डाव्या हाताखाली झाकून बसत.

नवरात्राच्या सुमारास बँकेतले काका आणि ड्रॉइंगवाले काका नकाशा घेऊन घरी आले. अण्णांनी नकाशाकडे पाहिलेही नाही. "हात चालत नाही आता," एवढेच म्हणाले. ते दोघे जिना उतरू लागले तेव्हा मी मागोमाग गेले आणि विचारले, "मला काही काम आहे का?" मी काय बोलले ते मलाच नंतर कळले. पण काका व्यवहारी. त्यांनी लगेच सांगितले, "रविवारी सात वाजता या. जुने कपडे घाला."

अशी मी भरती झाले.

आता त्या गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. रुळांमधले अंतर सव्वासात इंच, म्हणजे १८४ मिलिमीटर. आपल्या मोठ्या रेल्वेचे १६७६ मिलिमीटर असते, माथेरानच्या गाडीचे ६१०. जगात या सव्वासात इंचाच्या मापाच्या पुष्कळ बागेतल्या गाड्या आहेत, म्हणून ड्रॉइंगवाल्या काकांनी ते धरले. दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळे असा लांबट गोल. वळणाची त्रिज्या बारा मीटर. सगळी लांबी मिळून एकशे आठ मीटर भरली. टपालातले काका म्हणाले, "जपमाळ पुरी झाली." बाजारात लोखंडी पट्टी सहा मीटर लांबीची मिळते, त्यामुळे रुळांचे अठरा तुकडे झाले. अठरा म्हटल्यावर माझ्या तोंडून महाभारताची पर्वे निघाली, आणि त्या दिवसापासून तुकड्यांना 'आदिपर्व', 'सभापर्व' अशी नावे पडली. माझे त्या प्रकल्पातले वाङ्मयीन योगदान म्हणतात ते एवढेच.

बाकीचे योगदान स्क्रूंचे. रुळांखाली घालायच्या स्लीपरांसाठी लाकूड आणले ते चाकणहून. परदेशातून यंत्रे येतात ती ज्या पेट्यांत येतात, त्यांचे पाइनचे लाकूड भंगारात स्वस्त मिळते. आमचे हे चाकणच्या एका कारखान्यात असतात. त्यांनीच ते मिळवून दिले. (चाकणला आजही आगगाडी जात नाही. संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाइस्तेखानापुढे जवळजवळ दोन महिने लढविला. आमच्या यांना रोज संध्याकाळी त्याच चाकणच्या चौकातून बाहेर पडायला दीड तास लढावे लागते. मुलांच्या आगगाडीचे लाकूड मोटारींच्या गर्दीतून टेम्पोने आले, यात काही विनोद असेल तर तो वाचकांनी शोधावा.) एका तुकड्याखाली वीस स्लीपर, म्हणजे एकूण तीनशे साठ, प्रत्येकाला चार स्क्रू. एक हजार चारशे चाळीस स्क्रूंपैकी निदान हजार मी पिळले आहेत. प्रत्येक स्लीपर आधी जळक्या ऑइलात बुडवायचा, म्हणजे वाळवी लागत नाही. सोमवारच्या बोटांचे रहस्य ते हेच.

काम करायला मला आवडू लागले, हे खरे. पण खरा डाव दुसरा होता. रविवारी रात्री जेवताना मी अण्णांना प्रश्न विचारी. मुद्दाम अडाण्यासारखा. पहिला प्रश्न असा होता: "अण्णा, काका म्हणतात दोन सूत जागा ठेवा. सूत म्हणजे किती?" माझ्या दृष्टीने सूत म्हणजे धागा, फार तर सारथी. अण्णांनी मान वर केली. "इंचाचा आठवा भाग," ते म्हणाले. मग घासभर थांबून, "तुमच्या काकांना मिलिमीटर येत नाही का?" चार महिन्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले नाही. पाहिले असते तर ते थांबले असते.

पुढच्या रविवारी विचारले, आगगाडीचे चाक सरळ का नसते, उतरते का असते? या प्रश्नाचे उत्तर अर्धा तास चालले. अण्णांनी स्टीलचे दोन पेले मागितले, त्यांची तोंडे एकमेकांना लावली आणि ती जोडी दोन उलथन्यांवर ठेवून घरंगळवली. आगगाडीची दोन चाके एकाच आसाला घट्ट बसविलेली असतात, ती वेगवेगळी फिरू शकत नाहीत. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचे असते. आमच्याच गाडीचे पाहा: एका फेरीत बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा एक मीटरहून अधिक जादा पळावे लागते. मग जमावे कसे? चाकाचा घेर कडेकडे थोडा वाढत नेतात, वीसास एक असा उतार देऊन. वळणावर जोडी आपोआप बाहेर सरकते, बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर चालते, आतले आपल्या लहान घेरावर, आणि हिशेब जुळतो. चाकाला बाजूने जी उंच कड असते ती गाडीला वळवते असे आपण समजतो. ती खरे म्हणजे शेवटचा उपाय. "पण तुमचं वळण फार आवळ आहे," अण्णा म्हणाले, "बारा मीटरला उतार पुरणार नाही, कड घासणारच. तिथं रूळ दोन मिलिमीटर सैल ठेवा म्हणावं." पेले अर्थात घासायला टाकले. मी ते वाक्य जसेच्या तसे ड्रॉइंगवाल्या काकांना पोचविले. ते म्हणाले, "वहिनी, हे तुम्हाला कोणी सांगितले?"

असा माझ्यामार्फत पत्रव्यवहार सुरू झाला. अण्णा खाली येत नसत, पण खिडकी त्याच बाजूची. दसऱ्यानंतर उन्हे भाजत होती. ऑक्टोबरच्या दुपारी लोखंड हाताला लावून घेत नव्हते. बँकेतले काका रूळ अगदी टोकाला टोक भिडवून बसवू लागले, म्हणजे गाडी गुळगुळीत धावेल. वरून खिडकीतून आवाज आला, "फट ठेवा!" सगळे चमकले. मीसुद्धा. तो आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता.

फटीचे गणित त्यांनी रात्री समजावून दिले. एक मीटर पोलाद एका अंशाला मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाने वाढते. ऐकायला काहीच नाही. पण सहा मीटरचा रूळ ऑक्टोबरच्या उन्हात पंचेचाळीस अंशांवर तापलेला असतो, आणि डिसेंबरच्या पहाटे तोच दहा अंशांवर येतो. म्हणजे अडीच मिलिमीटर आखडतो. चैत्रात पुन्हा याहून अधिक वाढणार, त्याची जागा आत्ताच सोडायला हवी, नाही तर रूळ बाजूला वाकून बसतील. आत्ता दीड ठेवा, थंडीत चार होईल, असा त्यांचा निवाडा. आगगाडीचा आपल्याला लहानपणापासून ओळखीचा जो खटक-खटक आवाज, तो या फटींचा. आता मोठ्या रेल्वेत रूळ लांबच लांब एकसंध जोडतात, त्यामुळे तो आवाज बहुतेक गेला. लोकलमध्ये झोप लागण्याचे सुख थोडे उणे झाले, अशी माझी तक्रार आहे. आमच्या गाडीत तो शिल्लक आहे, आणि थंडी जसजशी वाढली तसतसा तो मोठा होत गेला. मार्गशीर्षातल्या एका सकाळी माझ्या मुलाने विचारले, "रुळांना थंडी वाजते का?" अण्णांनी त्याला, "वाजते," असे गंभीरपणे सांगितले.

दिवाळी त्या वर्षी आमच्या घरी नव्हती. आकाशकंदील नाही, फराळ केला नाही. शेजारच्या चार घरांतून डबे आले. दाराशी किल्लाही करायचा नाही म्हणून आमच्या चिरंजीवांनी तो खाली रुळांच्या कडेला केला. माती भरपूर, खडी भरपूर. शिवाजी महाराज सिंहासनावर, मावळे तटावर, आणि पायथ्याशी पुठ्ठ्याचे रेल्वे स्टेशन. दोन मावळे हातात भाले घेऊन फलाटावर उभे. इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी ते पाहून कपाळाला हात लावला; अण्णा मात्र त्या निमित्ताने पहिल्यांदा खाली आले. नातवाने बोलावले होते. किल्ला पाहिला, मग रूळ पाहिले, मग खाली बसून बोटाने सांधे चाचपीत ते अर्ध्या गोलापर्यंत गेले. त्यांनी फक्त एकच सूचना केली, पण ती फार मोलाची ठरली: तुकडे एकमेकांना वेल्ड करू नका, पट्टी लावून बोल्टाने जोडा. "उद्या उचलायची वेळ आली तर उचलता आलं पाहिजे." होळीची मुदत कोणी विसरले असेल तर असो, ते विसरले नव्हते.

चाके भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये करवून घेतली. तिथला टर्नर पोरसवदा, पंचविशीचा. कारखान्यांत आता संगणकावर चालणारी यंत्रे असतात. साध्या लेथवर हाताने उतार काढणारी मुले कमी. एकूण वीस चाके: इंजिनाची चार आणि दोन डब्यांची आठ-आठ. अण्णा यायला तयार झाले ते "बसून राहीन" या अटीवर. तिथे गेल्यावर ते बसलेच नाहीत. चाक हातात घेतले, डोळे मिटले आणि अंगठ्याचे नख उतारावरून कडेपर्यंत फिरवले. उजव्याच हाताचे. तो हात तेव्हा कापत नव्हता असे मी लिहिले तर ते खोटे होईल, कापत होता. पण त्यांनी तो लपविला नाही. वीसांतली तीन चाके त्यांनी बाजूला काढली. पोराने व्हर्निअर लावून पाहिला, आणि काही न बोलता ती तिन्ही पुन्हा चकात बांधली. परतताना रिक्षात अण्णा म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. कानस धरायला शिकवलं नाही कुणी." त्यानंतर दोन-तीन बुधवारी ते एकटेच भोसरीला जाऊन आले. काय शिकवत होते हे मी विचारले नाही.

इंजिनाविषयी थोडक्यात. वाफेचे करावे ही सगळ्यांची इच्छा होती, पण बाष्पकाची जोखीम मुलांच्या गाडीत नको, म्हणून ई-रिक्षाची मोटर आणि दोन बॅटऱ्या यांवर निभावले. चिमणी आहे ती शोभेची. वेग ताशी साडेसहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. एक फेरी एका मिनिटाची. गाडीला घंटा हवी म्हणून टपालातल्या काकांनी आमच्या देवघरातली मोठी घंटा मागितली. अण्णा म्हणाले, "ती देवाची. गाडीला शिट्टी लागते." विषय संपला.

या सगळ्या उद्योगाला नोकरशाहीच्या भाषेत 'स्वयंसेवा' म्हणतात. तो शब्द मला कधी फारसा आवडला नाही; पण तिकडे वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक जुनी दगडाच्या खाणीची छोटी रेल्वे मालकाच्या मृत्यूनंतर बंद पडू लागली, तेव्हा १९५१ साली हौशी लोकांनीच ती चालवायला घेतली. कारकून, मास्तर, दुकानदार सुटीच्या दिवशी येऊन रूळ ठोकीत. स्वयंसेवकांनी वाचविलेली जगातली पहिली रेल्वे ती. आणि ती आजही चालू आहे. हे मी आमच्या काका मंडळींना सांगितले तेव्हा बँकेतल्या काकांनी विचारले, "त्यांना जागेची मुदत किती होती?"

आपल्याकडेही या हौसेची परंपरा नाही असे नाही. पुण्याला कोथरूडमध्ये, कर्वे रस्त्यावर, भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. उपकरणे बनविण्याचा व्यवसाय सांभाळून या गृहस्थांनी लहानपणापासूनचा छंद जपला; आधी फिरती प्रदर्शने केली, आणि मग १ एप्रिल १९९८ रोजी कायमचे संग्रहालय खुले केले. नाताळच्या सुटीत एका रविवारी आम्ही सगळे तिथे गेलो. एका दालनात एक अख्खे शहर मांडले आहे. रस्ते, पूल, दिवे, सर्कशीचा तंबू, आणि त्यांच्यामधून वाफेच्या, डिझेलच्या, विजेच्या गाड्या आपापल्या सिग्नलची वाट पाहत धावतात. दिवे मंदावून त्या शहरात रात्र झाली तेव्हा माझा मुलगा माझा हात धरून उभा राहिला. अण्णा मात्र गाड्यांकडे पाहत नव्हते. सांधा बदलतो त्या ठिकाणी त्यांची नजर खिळली होती. बाहेर आल्यावर म्हणाले, "एका माणसाची हौस म्हणजे किती तास, याचा हिशेब करून बघ."

येताना सारसबागेशेजारून आलो. पेशवे उद्यानातली 'फुलराणी' अजून धावते. ८ एप्रिल १९५६ रोजी ती सुरू झाली, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या तीन पिढ्या तिच्यात बसून झाल्या. प्राणिसंग्रहालय कात्रजला गेले, ती राहिली. मराठी शिकविणाऱ्या माणसाला हे नाव ऐकले की बालकवी आठवतात, आणि बालकवी आठवले की थांबायला होते. 'फुलराणी' लिहिणाऱ्या त्या कवीचा अंत ५ मे १९१८ रोजी जळगाव जिल्ह्यातील भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली झाला. वय अवघे सत्तावीस. त्यांच्या कवितेचे नाव घेऊन एक आगगाडी जवळजवळ सत्तर वर्षे पोरांना हसवीत फिरते आहे. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुले काही क्षण गप्प होतात. मीही पुढचे काही जोडत नाही.

मी हे सगळे मनात घोळवीत होते, तेवढ्यात अण्णा बोलू लागले. १९७५ साली लग्न झाल्यावर सासूबाईंना घेऊन ते पहिल्यांदा पुणे दाखवायला आले, ते इथेच. सासूबाईंना फुलराणीत बसायचे होते. अण्णांना लाज वाटली. मोठ्या माणसांनी काय बसायचे पोरांच्या गाडीत! "ती बसली," अण्णा म्हणाले. "मी पिशव्या धरून बाहेर उभा होतो. ती प्रत्येक फेरीला हात करायची." एवढेच. यांनी गाडी सुरू केली आणि आम्ही मुंबई रस्त्याला लागलो.

आमच्या गाडीची पहिली चाचणी त्याच आठवड्यात झाली, आणि गाडी रुळावरून उतरली. दर फेरीला त्याच जागी, सातव्या तुकड्यावर, म्हणजे द्रोणपर्वात. चौघा काकांनी चाके तपासली, अंतर मोजले, वेग कमी केला. पुढचे चाक उचलले जायचेच. अण्णा शेवटी गुडघ्यांवर बसले, गाल जवळजवळ जमिनीला लावून रुळावरून नजर फेकली, आणि पाणसळ मागितली. "पीळ आहे," म्हणाले. तुकड्याचे एक टोक आत झुकलेले, दुसरे बाहेर. चार चाकांतले एक नेहमी अधांतरी राहत होते, आणि वळणावर तेच चढून जाई. खाली खडी भरून कोपरा तीन मिलिमीटर उचलला. गाडी शांतपणे पुढे गेली. पूर्वी रेल्वेत गँगमन हेच काम रोज करीत, नुसत्या नजरेने. आता त्यासाठी यंत्रे आहेत, पण थंडीच्या रात्री रूळ तपासत पायी जाणारी माणसे अजूनही आहेत. आपण रजई ओढतो तेव्हा ते घाटात कंदील किंवा विजेरी घेऊन चालत असतात. 'हिरवा कंदील दाखविणे', 'रुळावर येणे' हे वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आले. ज्यांच्या रोजच्या कामातून ते आले त्यांचा विचार त्या तीन मिलिमीटरपर्यंत कधी मनात आला नव्हता.

पीळ काढल्यावर अण्णा उठले, पँटची धूळ झटकली आणि मागच्या डब्यावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसले. "मागचा डबा उडतो का बघतो," असे कोणी न विचारताच सांगितले. डबा उडत नव्हता. तरी त्यांनी अकरा फेऱ्या मारल्या. पौषाची कडक थंडी, कानाला मफलर, हाताखाली पाणसळ. प्रत्येक वेळी आमच्यासमोरून जाताना ते नजर सरळ पुढे ठेवीत. फक्त सातव्या फेरीला नातवाकडे पाहून त्यांनी हात केला.

संक्रांतीला बायकांच्या हळदीकुंकवाला गाडीचा उपयोग झाला. साड्या सावरीत बसणाऱ्या बायकांची गर्दी मुलांपेक्षा जास्त होती, ही गोष्ट मी येथे नोंदवून ठेवते. मुलांसाठी रविवारी सकाळी दोन तास. गार्ड अण्णा. मुलांनी पाय आत घेतल्याशिवाय हिरवे निशाण हलत नसे, मग इमारतीचे अध्यक्ष का बसलेले असेनात.

होळी आली. सभा भरली, आणि मोटारींचा पक्ष जिंकला. मते फार जवळची होती असे म्हणतात. मला वाईट वाटले; रागही आला, कारण मोटारींना जागा कितीही दिली तरी पुरत नाही हे कोणीही चाकणहून येणारा माणूस सांगेल. अण्णांना मात्र तसा काही धक्का बसलेला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाना घेऊन खाली गेले. सगळे बोल्ट दोन दिवसांत निघाले. अठरा तुकडे क्रमाने रचून ठेवले, स्वर्गारोहणपर्व सर्वांत वर. चाकांना ग्रीस, बॅटऱ्या वीजमंडळाच्या काकांकडे. काकांनी सभेचा इतिवृत्तान्त मागितला, तेव्हा 'रूळ सुस्थितीत उतरवून घेतले' असे वाक्य त्यांनीच घातले.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. अण्णा पुन्हा खिडकीशी बसतील या भीतीने मी जून काढला. ते बुधवारी भोसरीला जात राहिले. मग श्रावणात ड्रॉइंगवाल्या काकांच्या ओळखीने जवळच्याच एका शाळेच्या मैदानाचा कडेचा भाग मिळाला. जागा थोडी अरुंद आहे. वळणाची त्रिज्या साडेअकरा मीटर होईल, म्हणजे वळणावरचे तुकडे थोडे वाकवून घ्यावे लागणार आणि सरळ बाजू लांबणार. अण्णांचे म्हणणे, या खेपेस वळणावर अडीच मिलिमीटर सैल ठेवावे. ड्रॉइंगवाले काका दोनवर अडले आहेत. हे लिहीत असताना दोघे आमच्या स्वयंपाकघरात बसून आहेत, आणि पुन्हा दोन पेले व दोन उलथनी मागून झाली आहेत. रविवारी सात वाजता मला बोलावले आहे. तीनशे साठ स्लीपरांपैकी चाळीसएक पावसात कुजले, ते बदलायचे आहेत.